बॅटल ब्रदर्समध्ये कंपनी तिसाव्या दिवशी का बुडते, आणि हा गेम शिकायचा कसा

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की बॅटल ब्रदर्स या भाडोत्री सैनिकांची टोळी (कंपनी) चालवायच्या, पाळीपाळीने लढायच्या कॉम्प्युटर गेममध्ये नऊ वेळा नवी कंपनी काढली, नऊही वेळा पंचवीस ते चाळीस दिवसांत सगळे मेले. व्हिडिओ बघून झाले, बिल्ड (कुठल्या माणसाचे कोणते गुण वाढवायचे आणि काय शस्त्र द्यायचं याचे साचे) पाठ झाले, तरी आपला ७० टक्क्यांचा वार हुकतो आणि समोरच्याचा ३० टक्क्यांचा बसतो. गेम चीटिंग करतो का, आयर्नमॅन (जुना सेव्ह परत उघडता न येणारा मोड) चालू ठेवू की बंद, आणि मुळात शिकायचं कसं.

चीटिंगचं आधी उरकून टाकतो. नाही करत. हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओजने मार्च २०१७ मध्ये हा गेम पूर्ण स्वरूपात काढला तेव्हापासून मी खेळतोय आणि पहिलं वर्षभर माझीही पक्की खात्री होती की आत कोणीतरी बसलंय जो माझ्याच गड्यांवर डूख धरून आहे. मग एकदा चिडून कागद घेतला. गेममध्ये कुठल्याही वाराची शक्यता ९५ च्या वर जात नाही आणि ५ च्या खाली येत नाही. आता ९५ टक्क्यांचे वीस वार केलेस तर त्यातला निदान एक हुकण्याची शक्यता किती येते माहितीये, ६४ टक्के. बारा जणांची कंपनी असेल तर वीस वार एका टर्नमध्ये होऊन जातात. म्हणजे "९५ चा हुकला" हे प्रत्येक मोठ्या लढाईत होणारच आहे, ते धरूनच चालायचं.

त्यापेक्षा महत्त्वाचं गणित दुसरं आहे आणि ते व्हिडिओवाले फारसं सांगत नाहीत. एका टर्नला ९ अॅक्शन पॉइंट मिळतात, एकहाती शस्त्राचा वार ४ चा, म्हणजे टर्नला दोन वार. समज तुझ्या गड्यासमोर एकच रेडर (लुटारू) उभा आहे आणि त्याचा लागण्याचा चान्स ३० टक्के आहे. दोन वारांत एकही न लागण्याची शक्यता ४९ टक्के, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वेळा तो सुखरूप. आता त्याच गड्याला तीन रेडर चिकटले. घेरण्याचा बोनस असतो, पहिल्यानंतरच्या प्रत्येक माणसामागे ५ टक्के, म्हणजे ३० चे झाले ४०, आणि वार दोनाचे झाले सहा. सहाच्या सहा हुकण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली. गडी तोच, चिलखत तेच, डिफेन्स तोच. तुला स्क्रीनवर दिसतं की "४० टक्क्यांचा लागला, काय नशीब", पण खरी गोष्ट ही की एका टर्नमध्ये एकही न लागता सुटणं पन्नासाचं पाचावर आलं आणि ते तू आणलंस, त्याला तिथं उभं करून.

आणि इथंच माझं सगळं म्हणणं आहे. गडी जिथं मेलेला दिसतो तिथं तो मेलेला नसतो, आधीच कुठंतरी मेलेला असतो.

गेममध्ये मेलेल्यांची यादी असते ना, ऑबिच्युअरी, त्यात लिहिलेलं असतं किती दिवस कंपनीत होता, किती लढाया केल्या, किती मारले, आणि कोणी मारलं. यातला "कोणी मारलं" हा रकाना सगळ्यात फसवा. माझ्या एका कंपनीत भाला-ढालवाला एक शेतमजूर होता, लेव्हल ५, चांगला निघत होता, त्याच्यापुढे लिहिलं गेलं की रेडरने मारला. मी त्या रात्री मागं जात बसलो. सहाव्या टर्नला मेला. पण चौथ्या टर्नला पळत्या चोराला गाठायला म्हणून मीच त्याला ओळीतून एक घर पुढं काढला होता, तिथं तीन जणांनी त्याला धरला. बरं, पुढं का काढला, कारण तो ओळीच्या टोकाला होता आणि टोकाच्या माणसाला पुढं जायचा मोह होतोच. टोकाला का ठेवला, कारण नेहमीचा टोकाचा माणूस जखमी होता. तो जखमी असताना लढाई का घेतली, कारण पगाराला पैसे नव्हते. पैसे का नव्हते, कारण दोन दिवसांपूर्वी मी एक मस्त दिसणारी दुहाती कुऱ्हाड विकत घेतली होती जी चालवणारा माझ्याकडे कोणी नव्हताच, पुढं होईल म्हणून घेतली. आणि टूल्स संपलेली होती त्यामुळे त्याचं चिलखत अर्धंच दुरुस्त झालेलं. म्हणजे रेडर निमित्त झाला, मारलं कुऱ्हाडीच्या दुकानात.

तुला शिकायचं असेल तर एवढंच कर. प्रत्येक मेलेल्या माणसामागे दोन ओळी लिही, की निर्णय मागे कुठपर्यंत जातो. सुरुवातीला उत्तर "त्याच टर्नमध्ये चुकलो" असं येईल, कारण तेवढंच दिसतं. दहा-बारा माणसं मेली की (मरतीलच) लक्षात येईल की बहुतेक वेळा चूक लढाईच्या आधी किंवा पहिल्या दोन टर्नमध्ये आहे. माझ्या वहीत तर जवळपास सगळे तीनच ठिकाणी जात होते: पैशाच्या ओढीने घेतलेलं काम, ओळ मोडून पुढं काढलेला माणूस, आणि वेळेत न सोडलेली लढाई.

आता एकेक बघू, पण सगळं सारख्या तपशिलात नाही सांगत, जिथं नवीन माणूस जास्त हरतो तिथं थांबतो.

पहिल्या दोन टर्न. नवीन खेळणारे शत्रू दिसला की पुढं पळतात. अंतर मोजायला शिक, बाकी सगळं नंतर. सपाट जमिनीवर एक घर चालायला २ पॉइंट लागतात. एकहाती शस्त्रवाला तुझ्यापासून चौथ्या घरावर असेल तर तुला चिकटायला त्याला तीन घरं चालावं लागतं, ६ पॉइंट गेले, उरले ३, आणि वार ४ चा. म्हणजे तो येऊन तुझ्यासमोर नुसता उभा राहणार आणि मग तुझे दोन वार आधी. तोच तिसऱ्या घरावर असेल तर दोन घरं चालून ५ उरतात आणि एक वार करून मोकळा. दुहाती शस्त्राचा वार ६ चा असतो, त्यामुळे तसला माणूस तिसऱ्या घरावरून आला तरी त्याचे ५ उरतात आणि त्याला मारता येत नाही. हे सगळं उलटंही लागू, तू तीन घरं धावत गेलास की तू नुसता उभा आणि तो मारणार. आख्ख्या ओळीला पहिला वार मिळणं की पहिला वार खाणं हा फरक फक्त एका घराचा असतो. चढ असेल, जंगल असेल तर चालायला जास्त पॉइंट लागतात, तेव्हा हिशोब तुझ्या बाजूने वळतो, शिवाय उंचावरून मारताना लागण्याचा चान्स वाढतो. चिखलात मात्र उभा राहू नकोस, तिथं मारणं आणि वाचणं दोन्ही घसरतं. तू चिखलात असशील आणि समोरचे कोरड्यावर, तर चार घरं मागं जा, लाजायचं काय त्यात. त्यांना चिखलात येऊ दे.

समोरचे येतच नसतील तर बहुतेक वेळा त्यांच्याकडे तिरंदाज तुझ्यापेक्षा जास्त आहेत आणि ते मजेत उभे राहून बाण सोडतायत. अशा वेळी दोनच मार्ग, ढाली वर करून सगळे एकदम पुढं, किंवा मुळात ती लढाई रात्रीच घ्यायची. रात्री लांबचं दिसत नाही आणि तिरंदाजी चांगलीच पडते. हे मला कळायला लाजिरवाणा वेळ लागला, दिवसा जाऊन बाण खात होतो.

ओळ कशी लावायची यावर लोक भांडतात, मी म्हणेन पुढं ढालवाले आणि मागच्या रांगेत लांब दांड्याची शस्त्रं. सुरुवातीला नुसता शेतातला पिचफोर्क चालतो, पुढच्याच्या खांद्यावरून दोन घरं लांब मारता येतं, टर्नला एकच वार पण मारणारा सुरक्षित. नवखे, कमी लेव्हलचे, अंगावर फाटका डगला असलेले असे सगळे मागे. पुढच्यांना भाले दे, भाल्याच्या वाराला लागण्याचा चान्स २० टक्के जास्त असतो आणि लेव्हल १ च्या माणसाला तेवढाच आधार असतो. भाल्याचं नुकसान कमी आहे हे खरं, पण न लागणाऱ्या कुऱ्हाडीचं नुकसान शून्य असतं. आणि ओळ मोडायची नाही. पळणाऱ्याच्या मागे जायचं नाही, तो पळतोय म्हणजे तो आत्ता कुणाला मारत नाहीये, जाऊ दे त्याला, कुत्रा असेल तर कुत्रा सोड. कुत्रा मेला तर वाईट वाटतं पण तो कंपनीच्या पगारावर नसतो.

दमण्याबद्दल. फटीग हा आकडा नवीन लोक बघतच नाहीत आणि पाचव्या टर्नला विचारतात की हा वार का करत नाहीये. टर्नला १५ फटीग परत मिळतो. तलवारीचा एक वार १० घेतो, कुऱ्हाड-गदा त्याहून जास्त, म्हणजे दोन वार केलेस की २० च्या पुढं गेलं, वर चालणं, वर ढाल उचलणं, वर अंगावर पडणारे घाव तेही दमवतात. जड चिलखत मुळातली मर्यादाच कमी करतं. त्यामुळे ज्या माणसाला तू हौसेनं सगळ्यात जड चिलखत घातलंस तो चार टर्न राक्षस असतो आणि पाचव्या टर्नला पुतळा. शिवाय दमला की इनिशिएटिव्ह पडतो, म्हणजे त्याची पाळीही उशिरा येते. मी काय करतो, दर लढाईत तिसऱ्या टर्नला एकदा सगळ्यांचे फटीगचे पट्टे बघतो, आणि ज्याच्यासमोर आत्ता घाई नाही त्याला एकच वार करायला लावतो. कंटाळवाणं आहे. पण लांबलेली लढाई यावरच जिंकली जाते, विशेषतः ज्यांना दमणं माहीतच नाही अशा मेलेल्यांच्या विरुद्ध.

आता कामं घेणं, म्हणजे पैसा. कामावर अवघडपणाच्या कवट्या असतात, एक ते तीन. तू लिहिलंयस की पगार भागत नाही म्हणून दोन कवट्यांची घेतो. अरे पण दोन कवट्यांच्या कामात एक बऱ्यापैकी माणूस मेला, त्याचं चिलखत फुटलं, दोन जण आठवडाभर जखमी पडले, तर मिळालेले क्राउन (गेममधले पैसे) कुठं गेले ते मोज एकदा. मी एका कामानंतर मोजले होते, नफा वजा होता, आणि मी ते काम जिंकलो म्हणून खूश होतो! एका कवटीची कामं, पत्र पोचवणं, काफिल्याबरोबर जाणं ही पहिल्या वीस दिवसांत भरपूर कर, मोबदला वाढवून मागायचा ऑप्शन असतो तो वापर, गावागावातून माल घेऊन पुढं विक. टूल्स कधीही संपू देऊ नकोस. टूल्स म्हणजे चिलखत, चिलखत म्हणजे माणूस. आणि गावात काम पटलं नाही तर सरळ निघ. नकाशावर शत्रूच्या टोळीवर कर्सर नेला की साधारण कोण किती ते दिसतं, ते वाचून मागं फिरता येतं. घेतलेलं काम सोडलं तर नाव थोडं खराब होतं, होऊ दे, नाव परत कमावता येतं. दिवस जातात तसे शत्रू जड होत जातात त्यामुळे नुसतं बसून राहूनही चालत नाही, हे मान्य, पण तुझी अडचण बसून राहण्याची नाहीये, तू दर वेळी आठवडाभर आधी पोचतोयस.

चिलखत विकत घेऊ नकोस, निदान सुरुवातीला. चिलखत रेडरच्या अंगावर आहे. तोडत तोडत मारलंस तर चिंध्या हाताला लागतात, किंवा काहीच नाही. म्हणून लढाई हातात आली, एकच चांगल्या चिलखतवाला उरला, की बाकीच्यांनी त्याला घेरायचं आणि एक-दोघांनी खंजीर काढायचा. खंजिराचा पंक्चर म्हणून वार असतो, तो चिलखत पूर्ण सोडून थेट आत जातो. लागण्याचा चान्स कमी असतो पण घेरल्याचा बोनस मिळतो तिथं भागतं, जाळं टाकलंस तर आणखी सोपं. माझ्या प्रत्येक गड्याच्या पिशवीत पहिल्या दहा दिवसांत एक साधा खंजीर असतो. पण एक सांगतो, हे फक्त जिंकलेल्या लढाईत. मी एकदा एका छान हेल्मेटच्या नादात दोन चांगली माणसं घालवली कारण मागे अजून तिघं उभे होते आणि मी खंजीर काढून बसलो होतो, वहीत त्यांच्यापुढे "हेल्मेट" एवढंच लिहिलंय.

बिल्डबद्दल तुझा सगळा गोंधळ एकाच कारणाने आहे. तू पाठ केलेले बिल्ड लेव्हल ११ चे आहेत. तुझी माणसं लेव्हल ३ ला मरतायत. अकराव्या लेव्हलला बॅटल फोर्ज्ड हे खास कौशल्य घेतलेला, ३०० च्या पुढे चिलखत असलेला दुहाती माणूस भारीच असतो, कारण बॅटल फोर्ज्ड हे तुझ्या शिल्लक चिलखताच्या ५ टक्के जो आकडा येईल तितके टक्के चिलखताचं नुकसान कमी करतं, पण तिसऱ्या लेव्हलला ७० चं चिलखत घातलेल्या माणसाला दुहाती कुऱ्हाड देऊन पुढं उभं करणं म्हणजे ढाल काढून घेणं. आधी सगळे ढालीमागे वाढव, मग ज्याच्या अंगावर काही आहे त्याच्या हातात दुहाती दे.

लेव्हल वाढली की आठातले तीन गुण वाढवता येतात. मारामारीचं कौशल्य आणि मारामारीतला बचाव दोन्ही दर वेळी १ ते ३ ने वाढतात, सरासरी २ धर, अकराव्या लेव्हलपर्यंत दहा वेळा, म्हणजे २० ची भर. म्हणून ज्याचा बचाव सुरुवातीला शून्य आहे तो शेवटी वीसवर थांबतो आणि ज्याचा पाच आहे आणि त्यावर चांदण्या (उपजत कौशल्याच्या खुणा) आहेत तो तिशीपर्यंत जातो. पुढच्या रांगेतल्या माणसाचे हे दोन गुण दर वेळी घेच, प्रश्न फक्त तिसऱ्याचा उरतो, तिथं हिटपॉइंट, फटीग किंवा रिझॉल्व (धीर) जे सगळ्यात लंगडं असेल ते. आणि माणूस घेताना थोडे पैसे टाकून ट्रायआउट करता येतं, महाग माणूस असेल तर जरूर कर, नाहीतर चांगला पैलवान म्हणून घेतलेला दमेकरी निघतो. स्वस्तातले शेतमजूर, कोळी, खाणकामगार यांच्यात पाच-सहा घे, दोन बरे निघतात. बाकीच्यांचं काय करायचं ते मी इथं लिहित नाही, तुला कळेलच, कंपनी काही धर्मादाय नाही.

एकच अपवाद, रिझॉल्वकडे अगदीच दुर्लक्ष नको. एक माणूस मेला की शेजारचे डगमगतात, डगमगलेला मार खातो, मग तो पळतो, तो पळाला की पुढचा. मी हरलेल्या बऱ्याच लढायांमध्ये मेलेले तीन आणि पळताना कापले गेलेले सहा असा हिशोब आहे. झेंडेवाला एक माणूस लवकर तयार कर, जास्त रिझॉल्ववाला, तो मधोमध मागे.

शत्रू कसे शिकायचे, तर एका वेळी एक. दर कंपनीत एका जातीशी मुद्दाम जास्त लढ आणि दुसऱ्या एखादीपासून ठरवून लांब राहा. लांब राहायला माझी पहिली पसंती गॉब्लिन. दिसायला बुटके म्हणून मी माझ्या पहिल्याच कंपनीत त्यांच्या तळावर चालून गेलो होतो, नऊ जण. जाळ्यात अडकले, विषारी बाणांनी अॅक्शन पॉइंट आणि इनिशिएटिव्ह पडत राहिले, जो सुटला त्याच्या पायात शमनच्या मुळ्या, मला एकाही गॉब्लिनपर्यंत नीट पोचता आलं नाही. ऑर्क उलटे, ते स्वतःच येतात आणि आले की ढालीसकट ढकलत आत घुसतात, तिथं ओळ टिकणार नाही हे धरूनच मागे जागा ठेवायची. उठणारे मुडदे संथ असतात, शिकायला सगळ्यात चांगले तेच, फक्त मागे नेक्रोमॅन्सर उभा असेल तर तो मेल्याशिवाय लढाई संपत नाही कारण तो पाडलेले परत उठवतो. आणि नाखझेरर असतील तर प्रेतांवर नजर ठेव, खाऊन मोठे होतात, सगळ्यात मोठा झालेला तर आख्खा माणूस गिळतो, तो वेळेत मारला तर माणूस परत मिळतो. बाकी हेक्स, आल्प्स, उनहोल्ड यांच्याबद्दल आत्ता विचारच करू नकोस, त्यांच्याकडे जायला तुझी कंपनी पन्नास दिवस जगली पाहिजे.

माघार. हे सगळ्यात शेवटी लिहितोय पण माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा हेच आलंय. लढाई सोडता येते. मॅपच्या काठापर्यंत माणसं नेली की ती निघून जातात. अडचण अशी की सोडायची वेळ ही ती वेळ असते जेव्हा अजून काही बिघडल्यासारखं वाटत नसतं, कारण शत्रू चिकटलेला असताना पाठ फिरवली की त्याला फुकटचा वार मिळतो आणि तो लागला तर माणूस जागचा हलतच नाही. दुसऱ्या टर्नला कळलं की समोर अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, तेव्हा निघालास तर सगळे वाचतात. चौथ्या टर्नला निघालास तर अर्धे. सहाव्याला निघायचा प्रश्नच राहत नाही. मी आता लढाई सुरू व्हायच्या आधीच स्वतःला सांगून ठेवतो की पुढच्या रांगेतले दोन पडले आणि त्यांचे अजून निम्मे पडले नसले तर मी जाणार, आणि मग गेलोच पाहिजे, "एक टर्न अजून बघू" नाही. "एक टर्न अजून" ने माझ्या जितक्या कंपन्या खाल्ल्या तितक्या ऑर्कनी पण खाल्ल्या नसतील. शिवाय खाली पडलेला प्रत्येक जण मेलेलाच असतो असं नाही, कधीकधी कायमची दुखापत घेऊन वाचतो, पण ते लढाई जिंकलास तर. मैदान सोडून गेलास की पडलेला तो गेलाच, हेही गणितात धर.

आयर्नमॅन बंद ठेव. लोक तुला नावं ठेवतील, ठेवू देत. नऊ कंपन्यांत तू पहिले तीस-चाळीस दिवस नऊ वेळा खेळलास आणि त्यापुढचा दिवस कसा असतो तुला माहीतच नाही, हे शिकणं नव्हे. पण सेव्ह परत लोड करायचा तर नियमाने कर. मी शिकत होतो तेव्हा नियम असा होता की लढाईच्या मधून लोड करायचं नाही, हरलो तर लढाईच्या आधीचा सेव्ह उघडायचा आणि तीच लढाई परत खेळायची, पण या वेळी एकच गोष्ट बदलून. फक्त उभं राहायची जागा, किंवा फक्त शस्त्रं, किंवा पहिल्या दोन टर्न न हलणं. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एक रेडरांची लढाई मी अशी पाच वेळा खेळलो, दोनदा सगळे मेले, दोनदा तीन-चार मेले, आणि पाचव्यांदा मागे टेकडीवर जाऊन नुसता थांबलो तर एकही मेला नाही. त्यानंतर पुढचे आठ दिवस मी प्रत्येक ठिकाणी टेकडी शोधत होतो, असली तरी, नसली तरी. अवघडपणाही बिगिनरवर ठेव पहिल्या दोन कंपन्यांसाठी, लढाईचा आणि पैशाचा वेगळा निवडता येतो, त्यातला पैशाचा तरी नक्की.

दहावी कंपनी काढशील तेव्हा तीच तीन वाचलेल्यांची सुरुवात घे, होगार्ट नावाच्या लुटारूच्या मागे जायचं काम असलेली, ती शिकायला बरी आहे, एकट्या लांडग्याच्या वगैरे दुसऱ्या सुरुवातींच्या नादी लागू नकोस. बारा जण होईपर्यंत दोन कवट्या नाहीत. आणि माणसांना नावं देतोस ना, तर मागच्या कंपनीतली नावं परत देऊ नकोस. मी एकदा दिली होती, मेलेल्या सगळ्यांची, आठवण म्हणून. साधारण त्याच क्रमाने मेले.